एस. यू. कोण?

जरुडच्या संत्रा संघात काट्याचा प्रोग्राम
ज्या साधनात ठेवला होता
त्याची कंपनी केव्हाच बुडाली.
साधन मात्र जागं,
धनी गेल्यावरही दारात बसून राहिलेल्या कुत्र्यासारखं.
फाईल मागितली की गुरगुरायचं:
फाईल बाहेर आहे. एस. यू. कडे आहे. थांबा.

संघ थांबला. सोळा वर्षं.
लाकडी पेट्या गेल्या, प्लास्टिकचे कॅरेट आले,
भुयार बाबू पावतीवर पेनानं खोडत राहिले.
जो भांडे, त्याचीच पावती दुरुस्त.

मी नवं साधन आणलं. आणलं म्हणजे,
पाण्याच्या टाकीवर चढले, रेंज धरली
आणि फोनवर उतरवून घेतलं.
अध्यक्ष म्हणाले, फुकटचं हाये? मंग काही तरी खोट असन.
म्हटलं, काका, याला कुलूपच नाही.
अख्खी वही प्रत्येकाकडं, पहिल्या पानापासून.
एक तुमच्याकडं, एक बाबूंकडं, एक लोणीच्या शाखेत.
– अन् दोघायनं एकच ओळ बदलली तं?
– तर बसून ठरवायचं.
ते पोट धरून हसले.
बसून ठरवता आलं असतं, पोरी,
तं लोणीची शाखा निंघाली असती काय?

जुना इतिहास नव्यात न्यायचा
तर आधी एक यादी लागते.
डावीकडं जुनी खूण, मग बरोबरचं चिन्ह,
उजवीकडं माणूस.
पीजीबी = प्रभाकर गोविंदराव भुयार.
एटी = अविनाश तायडे, सध्या नागपूर, प्लॉट विकतो.
एस. यू. =

बाकीच्यांच्या नोंदी अशा:
बदल.
बदल.
साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बदल.
एस. यू. च्या फक्त अकरा,
पण हा माणूस लिहायचा:
"मार्च, मृग बहार. पेटी वाळून तीनशे ग्रॅमनं हलकी झाली.
पावसाळ्यातलं वजन आता कापू नये."
"दशांश चुकला होता. चूक माझीच."
आणि शेवटची:
"लाईट गेली. उरलेलं उद्या."

भुयार बाबू म्हणाले, असन कोणी कंपनीचा.
तायडेनं फोन उचलला नाही.
पेट्यांवर नंबर रंगवायचे ते जैनुलभाई
ब्रश धुता धुता म्हणाले,
सुगंधा उइके. रातच्या एंट्रीले राहे.
महिन्याचे अठराशे.

मी घरी येईपर्यंत
मघाचा तो "लिहायचा" तोंडात कडू होत गेला.

सातनूरच्या नाक्यापाशी पिठाची गिरणी.
पापण्यांपर्यंत पांढरी बाई.
पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारलं.
तिनं ज्वारीचा डबा उतरवला, दुसरा ओतला,
मग म्हणाली,
थे फाईल मी परत ठेवली नाही काय?
दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणे.
मंग राहूनच गेलं.

– उरलेलं काय होतं?

– बारीक फळाची तूट.
दोनदा कापत होते.
एकदा चाळणीवर, एकदा हिशेबात.

रात्री ती ओळ उघडली.
दोनशे बारावी.
अजून दोनदाच कापत होती.

सकाळी लॅपटॉप घेऊनच गेले.
गव्हाच्या पोत्यावर ठेवला.
तिनं स्क्रीनला हात लावला नाही,
पीठ लागन म्हणाली,
लांबूनच बोट दाखवलं: हे काढ. हे राहू दे.
नोंदीत काय लिहू?
ती थोडा वेळ गिरणीचा आवाज ऐकत राहिली.
लिही,
"काल राहिलेलं."

एकच अडलं. नावापुढं
साधन मेलचा पत्ता मागतं, दोन कंसांत,
त्याशिवाय पुढं सरकत नाही.
मेल नव्हता तिला.
तिनं पदरानं हात पुसले, विचार केला, आणि सांगितलं:
गिरणी, सातनूर नाका.
लाईट असली का चालू.